तुम्ही विचारलंत म्हणून: दहावीतल्या मुलासाठी सीसीएल, म्हणजे बालसंगोपन रजा, कशाला?

“मुलगा तुझ्या डोक्यावरून गेला, आता त्याला सांभाळायला रजा?” ऑफिसात, इंदूरच्या रामबागेतल्या मुंजीत, खुद्द माझ्या जावेच्या तोंडून. एकदाच लिहून टाकते.

आधी नियम. केंद्र सरकारची बालसंगोपन रजा मूल 18 वर्षांचं होईपर्यंत मिळते, आणि केंद्राच्या रजा नियमांतल्या 43-सी मध्ये आजारपणाच्या जोडीला शिक्षणही आहे. अख्ख्या नोकरीत 730 दिवस. पहिले 365 पूर्ण पगारी, पुढचे 80 टक्क्यांवर. मी काही लुटून नेलेलं नाही.

पण तुम्हाला नियम नको असतो, कारण हवं असतं. साहेबांनाही तेच हवं होतं.

डिसेंबरात अर्ज टाकला: जानेवारीतल्या प्री-बोर्डपासून, म्हणजे शाळेच्या सराव परीक्षेपासून, बोर्डाच्या शेवटच्या पेपरापर्यंत. फाइल परत आली, कडेला पेन्सिलीनं ‘प्लीज डिस्कस’. केबिनमध्ये गेले. “मॅडम, बच्चे को हुआ क्या है?” काही नाही सर, बोर्ड आहे. “बोर्ड तो सबके होते हैं.” मग त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर माझ्याकडे फिरवलं. मी बिल सेक्शनची. मार्च एंडिंगला बिलं पीएओकडे, म्हणजे वेतन व लेखा कार्यालयाकडे, वेळेत गेली नाहीत तर पैसा लॅप्स, जाब साहेबांना. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. सीसीएल हक्क म्हणून मागता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते समजुतीनं म्हणाले, “कुछ मेडिकल लगा दीजिए, मेरा भी काम आसान हो जाएगा.”

धडधाकट पोराला कागदावर आजारी पाडायचं! नाही म्हटलं. मग रजा मंजूर झाली ती पहिल्या पेपरापासून शेवटच्या पेपरापर्यंत. जानेवारी गेला.

त्या जानेवारीसाठीच तर सगळा खटाटोप होता. तेव्हा बोलले नाही, आताही अर्धंच सांगते. पोरगा रात्र रात्र जागायचा आणि पुस्तक उघडायचा नाही. सहामाहीचा गणिताचा पेपर मला गादीखाली सापडला. हे केबिनमध्ये सांगितलं असतं तर कदाचित रजा मिळालीही असती. पण का सांगावं? ‘शिक्षण’ एवढं पुरतं, असं नियमच म्हणतो ना?

रजेत केलं काय, हा पुढचा प्रश्न. गणित मला येत नाही. तो गणितं सोडवायचा, मी समोर मेथी निवडत बसायचे. दुपारी झोपायचेसुद्धा, हो. एका रात्री त्याला भुट्ट्याचा कीस खायला सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, नेलं, तर नेमका शेजारच्या सेक्शनचा माणूस तिथे. दुसऱ्या दिवशी ऑफिसभर: मॅडम सीसीएल पे सराफा घूम रही हैं.

आणि नवरा? तोही केंद्राचाच नोकर, गणित उत्तम. पण पुरुषाला सीसीएल 2018 पासून मिळते ती एकल असेल तरच: अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. गणित येणाऱ्याला रजा नाही. असो.

एका बाईचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही, आणि ती मीच. 2008 मध्ये ही रजा आली तेव्हा मी नवी, बिनलग्नाची. सेक्शनमधल्या बायका सीसीएलवर गेल्या की त्यांच्या फायली माझ्या टेबलावर. ‘मुलं यांची, मार्च माझा,’ असं मी डबा खाताना सगळ्यांदेखत म्हणायचे. मग ते काम कोणी करायचं होतं? जागी माणूस द्यायचा नाही आणि रजा उदारपणे द्यायची, हे तेव्हाही होतं, आजही आहे.

यंदा माझं टेबल एका बिनलग्नाच्या मुलीकडे गेलं. परत आले तेव्हा एकही बिल अडलेलं नव्हतं. चार्ज देताना तिनं विचारलं, “ताई, आईला सांभाळायला कुठली रजा असते हो?”

“ईएल, आपली अर्जित रजा,” म्हटलं.

“मार्चमध्ये देतील?”

धाकटी माझी आता नववीत आहे. पुढच्या वर्षी मी पुन्हा जानेवारी ते मार्चच मागणार आहे, आणि टेबल बहुधा तिच्याकडेच जाईल.