रेरा कार्पेट म्हणजे काय रे भाऊ

आमची मुलुंडची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार हे गेली सहा वर्षं ऐकतोय, पण परवा खरंच एक पोरगा लेझरवालं मशीन घेऊन घर मोजायला आला. आईने आधी फरशी पुसून घेतली, जसं काही मापात वाढ होणार होती! त्याने भिंतीवर लाल ठिपका टाकला, ओट्याखालचे डबे सरकवले, आणि आकडा आला ४०५ स्क्वेअर फूट.

बिल्डर म्हणतोय ३५ टक्के जास्त देतो, म्हणजे साधारण ५४७. सगळे खूश. पण हा ५४७ रेरा कार्पेट आहे, म्हणजे रेरा या बिल्डरांसाठीच्या कायद्याप्रमाणे मोजलेलं घराच्या आतलं क्षेत्रफळ, आणि त्यात घराच्या आतल्या भिंतींची जाडीपण धरतात (बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही धरत), तर आमचे ४०५ हे भिंत ते भिंत मोजलेले, मग खरी वाढ ३५ टक्के कशी होईल? हे मी मीटिंगमध्ये विचारलं तर सेक्रेटरी काका म्हणाले तू फार बारीक बघतोस.

बघणारच ना काका. सहकारी सोसायट्यांच्या कायद्यातल्या कलम ७९अ च्या गाइडलाइन्समध्ये २०१९ पासून ५१ टक्के मेंबर हो म्हणाले तरी पुढे जाता येतं, पण आधी वाचा तरी. भाडं किती महिने, उशीर झाला तर काय, बँक गॅरंटी कुठाय? यावर सगळे गप्प, पार्किंगवर मात्र दीड तास भांडले.

आई विचारतेय नवीन घरात माळा असेल का.