टेथिसचा तळ शोधताना: ७०१-००० ची कटकट

हिमालय उभा राहण्याआधी भारत आणि आशियाच्या मधे टेथिस समुद्र होता. त्याचा तळ सबडक्शनने, म्हणजे दुसऱ्या प्लेटखाली बुडून, प्रावरणात (कवचाखालच्या थरात) गेला. तो बुडालेला तुकडा, म्हणजे स्लॅब (बिल्डिंगचा नव्हे), आज कुठे असेल, हे प्लेट्सच्या प्रवासावरून आधी सांगायचं आणि मग भूकंपलहरींच्या टोमोग्राफीत (पृथ्वीच्या पोटाच्या स्कॅनमध्ये) पाहायचं, एवढंच काम. प्लेट्स मागे-पुढे सरकवून दाखवणारं जीप्लेट्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खोलीचं गणित सोपं: स्लॅब बुडतो वर्षाला १२ मिलिमीटर, तीन कमी-जास्त. १० कोटी वर्षांपूर्वी बुडालेला तुकडा ९०० ते १,५०० किलोमीटरवर.

घोडं अडलं रेखांशावर. प्लेट्सचा प्रवास ज्यात लिहिलेला असतो त्या रोटेशन फाइलची प्रत्येक ओळ एक प्लेट दुसरीच्या तुलनेत किती फिरली ते सांगते. प्रत्येक प्लेटला नंबर असतो: भारत ५०१, आफ्रिका ७०१, खालचं प्रावरण ०००, आणि सगळी साखळी शेवटी ७०१-००० या ओळींना टांगलेली. त्या बदलल्या की अख्खा नकाशा सरकतो. १० अंश चुकलात तर मुंबईच्या अक्षांशावर १,०५० किलोमीटर, म्हणजे थेट ओडिशात! लाव्हातलं चुंबकत्व अक्षांश देतं, रेखांश देतच नाही. तो हॉटस्पॉटच्या (खालून लाव्हा येत राहणाऱ्या जागेच्या) वर सरकत्या प्लेटवर उमटलेल्या मागावरून काढायचा; आपल्याकडे रियुनियनचा, लक्षद्वीप-मालदीव-चागोस. तोही फार मागे जात नाही.

माझी गर्ता (तळ जिथे बुडत होता ती रेघ) टोमोग्राफीतल्या निळ्या पट्ट्यावर, म्हणजे लहरी जिथे जलद जातात त्या थंड भागावर, पहिल्याच फटक्यात बसली. मग फाइलसोबतचं टिपण वाचलं: तिचे रेखांश टोमोग्राफीतल्या स्लॅबवरूनच बसवलेले. उत्तरं बघून पेपर सोडवला की! टिपण आधी वाचा, फाइल नंतर उघडा.

म्हणून ७०१-००० च्या हॉटस्पॉटवाल्या ओळी घातल्या. त्या घालताना जुन्या पुसू नका. पहिला आकडा ९९९ केला की त्या वाचल्या जात नाहीत. मूळ आकडा शेवटी शेऱ्यात लिहून ठेवा.

हे खरं तर सुरुवातीलाच करायचं: अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा बिंदू टाकून ६.६ कोटी वर्षं मागे जा. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला दिसायला हवा. अंधेरीतून हललाच नाही तर त्याला ५०१ नेमायचं राहिलंय.

आणि स्लॅब हिमालयाखाली शोधत बसू नका. भारत त्याच्यावरून उत्तरेला सरकलाय. पट्टा द्वीपकल्पाखाली आहे. रंगपट्टी हाताने ठरवा, आपोआप ठेवलीत तर दर खोलीला निळ्याचा अर्थ बदलतो.

नव्या ओळींनी जुळणी जरा ढिली झाली. तशीच ठेवली आहे.