डार्टमूर: पायाखालची जमीन बघून चालायचा माळ

इंग्लंडच्या डेव्हनमधलं डार्टमूर लांबून आपल्या कोकणातल्या सड्यासारखं दिसतं. उघडा माळ, तुरळक झाडं आणि टेकड्यांच्या माथ्यावर रचून ठेवल्यासारखे खडक. सर्वात उंच जागा हाय विलहेज, फक्त 621 मीटर. त्यामुळे सह्याद्रीत भटकलेली मंडळी हा माळ सहज घेतात आणि नेमकी तिथेच फसतात. इथे दमवते ती चढण नव्हे, जमीन.

हा सगळा प्रदेश ग्रॅनाइटचा. सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीखाली थिजला, पुढे भेगांमधून पाणी शिरून कुजत गेला. कुजलेला भाग वाहून गेला आणि उरलेले खडकांचे ढीग म्हणजे टॉर. भुसभुशीत झालेल्या ग्रॅनाइटला स्थानिक लोक 'ग्राउअन' म्हणतात. आपला मुरूमच तो. अखंड ग्रॅनाइटमधून पाणी मुरत नाही आणि इथला पाऊस बारमाही. आपला सडा दिवाळीनंतर वाळतो, हा माळ कधीच पुरता वाळत नाही. म्हणून मेलेलं गवत-शेवाळ कुजण्याऐवजी थरावर थर साचतं आणि त्याचं पीट होतं.

वाट सोडली की झाडोरा बघूनच पाऊल टाकावं. नेचे किंवा पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स असेल तिथे जमीन बहुधा घट्ट. लव्हाळे दिसले की ओल. पांढरे कापसासारखे तुरे डोलत असतील तर खाली पीट आहे असं समजा. आणि पोपटी, मऊ, गालिच्यासारखा तुकडा दिसला तर वळसाच घाला: ते स्फॅग्नम शेवाळ पाण्यावर तरंगत असतं. पाय रुतलाच तर झटके देऊ नका. मागे रेलून वजन पसरा आणि पाय हळूहळू सोडवा. गवताच्या गड्ड्यांमधून चालताना वेग निम्म्यावर येतो, हे धरूनच वेळ आखा. धुकं मिनिटांत उतरतं, बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच. नेच्यांतून चालल्यावर पायांवर गोचिडी आहेत का, तेही तपासा.

उत्तरेकडच्या भागात लष्कराचा गोळीबार-सराव चालतो. त्याचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. लाल निशाण किंवा रात्री लाल दिवा दिसला की हद्दीत शिरायचं नाही. सराव नसला तरी पडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावू नये.

माळावर मोकळी चरणारी डार्टमूर तट्टं रानटी वाटतात, पण प्रत्येकाला मालक असतो. त्यांना खाऊ घालणं हे प्रेम नव्हे. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली मरतात.

विस्टमन्स वूड हे बुटक्या, वेड्यावाकड्या ओकांचं रान. धोंड्यांच्या खाचांत मेंढ्यांचं तोंड पोचलं नाही म्हणून ती रोपं वाचली, असं मानतात. फांद्यांवर शेवाळ आणि दगडफुलाचे जाड थर आहेत. माणसांच्या पायांनी ते सोलले जाऊ लागलेत, म्हणून हे रान कडेवरूनच बघावं.

माणसांच्या खुणाही दगडातच आहेत. ग्रिमस्पाउंडला दगडी गडग्याच्या आत कांस्ययुगातल्या 24 गोल घरांची जोती अजून दिसतात. हेटॉरजवळ तर 1820 सालच्या रेल्वेचे रूळच ग्रॅनाइटचे आहेत. चाक घसरू नये म्हणून दगडाची कड घडवून उंच ठेवलीय. फाटा फुटतो तिथे दोन वाटा एकाच दगडात कोरल्यात, त्यातून बोट फिरवून बघा. भरलेल्या गाड्या उतारावरून खाली जात, रिकाम्या घोडे वर ओढत. 1831 साली खुल्या झालेल्या लंडन ब्रिजसाठीही याच रुळांवरून दगड गेला.