आमची वाटचाल : शेवटचा पाना गाडी चाकांवर उभी असताना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, फाउंड्री आणि गॅरेज एकमेकांना खेटूनच असतात. आमचं गॅरेज वडिलांनी थाटलं ते ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या जमान्यात. तेव्हा गाडीच्या मागच्या बाजूचं काम म्हणजे पाटे, एकावर एक रचलेल्या पोलादी पानांची स्प्रिंग. तुटलेलं पान बदलायचं, पाटे आसाला धरून ठेवणारे यू-बोल्ट तिरके, आलटून-पालटून आवळायचे, आणि गाडी थोडी फिरवून आणल्यावर परत एकदा पाना लावायचा. हा शेवटचा पाना वडिलांनी कधी चुकवला नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्याला चहा पाजून बसवून ठेवायचे.

2005 साली स्विफ्ट आणि इनोव्हा रस्त्यावर आल्या आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या दारातल्या गाड्याच बदलल्या. पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग, चाकाला धरणारा ट्रेलिंग आर्म नावाचा दांडा आणि त्याच्या सांध्यातले रबरी बुश. बहुतेक मिस्त्रींना वाटायचं, काम सोपं झालं. बुश प्रेसवर काढा, नवा ठोका, बोल्ट गच्च करा, झालं!

गोम त्या ‘गच्च’मध्ये आहे. या बुशच्या आतली लोखंडी नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटमध्ये पक्की धरली जाते. मग आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, तिला चिकटलेलं रबर पीळ घेतं. गाडी लिफ्टवर असताना चाकं लोंबकळतात, आर्म पार खाली गेलेला असतो. तिथेच बोल्ट गच्च केला तर रबराला तीच जागा सरळ वाटते. गाडी जमिनीवर टेकली की उभ्या उभ्याच त्याला पीळ बसतो आणि खड्ड्यात तो आणखी वाढतो. असा बुश फार दिवस टिकत नाही. मागची बाजू किंचित उचललेली राहते आणि गाडी कडक वाटते ते वेगळंच. शॉकॲब्जॉर्बरच्या खालच्या रबरी बुशलाही हाच नियम.

गगनबावड्याच्या रस्त्यावर धावणारी एक टॅक्सी आमच्याकडे आली, मागून कुरकुर आवाज. बुश नवेच होते, दुसरीकडे बसवलेले. गाडी चाकांवर ठेवून बोल्ट ढिला केला, तसा आतल्या नळीने चटकन गिरकी घेतली आणि मागची बाजू जराशी खाली बसली. रबर एका कडेला चिरलेलं. ड्रायव्हरदादा वाकून बघत होते. म्हणाले, “म्हंजे पार्ट डुप्लिकेट नव्हता तर!” नव्हताच.

म्हणून आम्ही कर्ज काढून चार खांबांचा, फोर-पोस्ट रॅम्प घेतला. चारी चाकांवर भार ठेवूनच गाडी वर जाते, खालून बोल्ट आवळता येतात. पैसे पेंटबूथमध्ये घातले असते तर लवकर फिटले असते, हे आजही मान्य आहे. रॅम्प अडकलेला असेल तर दुसरी रीत: गाडी उचलायच्या आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्यायचं, खडूने दारावर लिहायचं, आणि आर्मखाली जॅक देऊन तेवढंच माप आल्यावर बोल्ट आवळायचे. टू-पोस्टवर, म्हणजे गाडीला खालून पॅडवर उचलणाऱ्या दोन खांबांच्या लिफ्टवर, हे करताना जॅकमुळे गाडी पॅडवरून उचलली जाणार नाही इकडे डोळा हवा.

इम्पॅक्ट गन, म्हणजे झटके देऊन नट-बोल्ट फिरवणारं यंत्र, आम्ही फक्त खोलायला वापरतो. आवळायला टॉर्क रेंच, म्हणजे पिळाचा जोर मोजून आवळणारा पाना, आणि जोराचा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला. पान्याला मीटरभर पाईप लावून 40 किलोचा जोर दिला तर बोल्टवर जवळपास 390 न्यूटन-मीटर पडतात. एवढ्याची गरज या बोल्टांना सहसा नसते, आणि जोर लावणाऱ्याला तो कळतही नाही. आट्यांना हौसेने ऑइल लावलं तर त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअल सांगत नसेल तर आटे ब्रशने साफ करून कोरडेच ठेवायचे. बोल्टचं डोकं धरून नट फिरवायचा. आत नायलॉनची कडी असलेला नट दुसऱ्यांदा वापरायचा नाही. काही गाड्यांत आकड्यानंतर आणखी 90 अंश फिरवायला सांगतात, तिथे सहसा बोल्टही नवा लागतो. आवळून झालं की खूण म्हणून रंगाची रेघ. रेंच वर्षातून एकदा तपासायला जातो आणि कपाटात ठेवताना सर्वांत कमी आकड्यावर आणलेला असतो. आयटीआयमधून नवा पोरगा आला की आधी हेच शिकतो. इंजिनाला हात लावायला त्याला वेळ लागतो.

बिलात ‘भारावर टॉर्किंग’ (गाडी चाकांवर ठेवून मापाने आवळणं) अशी वेगळी ओळ असते आणि त्यावर घासाघीस होतेच. काही गिऱ्हाइकं स्वस्तात करून देणाऱ्याकडे गेली, त्यातली काही परतही आली. दूधवाल्यांचे पिकअप मात्र अजून पाट्यांवरच धावतात. त्यांना आम्ही दोन दिवसांनी यू-बोल्टसाठी परत बोलावतो, त्याचे पैसे घेत नाही. मागच्या बीमचे, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे, बुश बदलले की अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ आहेत का, हे बघावं लागतं. मशीन आमच्याकडे नाही, गाडी शेजारच्या दुकानात पाठवतो. त्या मशीनसाठी सध्या जागा शोधतोय.