सेव्ह झालं, पण ज्यानं केलं त्यालाच कळलं नाही

आमच्या वेब ॲपबद्दल "डुप्लिकेट एंट्र्या येतायत" असं एक तिकीट (म्हणजे तक्रार) आमच्याकडे आलं होतं, आणि खरं सांगायचं तर मी ते बॅकएंडवाल्यांच्या (सर्व्हरची बाजू बघणाऱ्यांच्या) गळ्यात मारून दोन दिवस निवांत बसलो होतो. एकाच युजरच्या चार चार एंट्र्या, दहा-पंधरा सेकंदांच्या अंतरानं, मजकूर अगदी तोच. बॅकएंडवाला म्हणाला, रिक्वेस्टच चार येतायत तर मी काय करू, तुझं बटन बघ. मग मी बटन बघितलं. बटन झकास होतं (असं मला तेव्हा वाटत होतं). शेवटी सपोर्टमधल्या एकीनं त्या युजरला फोन लावून मला पण लाईनवर घेतलं तेव्हा उलगडा झाला. तो माणूस अंध होता, एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरत होता, आणि सेव्ह दाबल्यावर त्याच्या कानावर काही म्हणजे काही येत नव्हतं. म्हणून तो परत दाबायचा.

"तुम्ही काय केलं असतं?" असं त्यानं मला शांतपणे विचारलं. मी पण परत दाबलं असतं, लिफ्टचं बटन दाबतो तसं.

आमच्याकडं वर उजव्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी यायची, 'सेव्ह झालं' लिहिलेली, आणि तीन सेकंदांत निघून जायची. तिच्या ॲनिमेशनवर मी अर्धा दिवस घालवला होता. ती फक्त डोळ्यांसाठी होती हे डोक्यातच आलं नाही, आणि डोळे असलेल्या सगळ्यांसाठी पण नव्हती, कारण जे लोक स्क्रीन मॅग्निफायरनं चार-पाच पट मोठं करून बघतात त्यांना एका वेळी स्क्रीनचा एक तुकडाच दिसतो, बटन खाली डावीकडं आणि पट्टी वर उजवीकडं म्हणल्यावर त्यांच्यासाठी ती आलीच नाही असं समजा.

यावर आमची पहिली दुरुस्ती काय होती माहितीये? सेव्ह दाबलं की बटन डिसेबल करायचं. डुप्लिकेट बंद झाले, तिकीट बंद झालं, सगळे खूश. आठवड्यानं त्याच माणसाचा मेल आला की आता तर सेव्ह दाबलं की मी कुठं आहे तेच कळत नाही. कारण ज्या बटनावर फोकस आहे (म्हणजे कीबोर्ड सध्या जिथं उभा आहे) तेच डिसेबल केलं की फोकस हरवतो, पुढचा टॅब कुठं नेईल याचा भरवसा नाही, त्याला तर प्रत्येक सेव्हनंतर वरच्या मेनूपासून परत चालत यावं लागत होतं. म्हणजे आम्ही आमचा डेटाबेस वाचवला आणि त्याला अजून गोत्यात आणलं. (बटन खरंखुरं डिसेबल न करता एरिया-डिसेबल्ड (बटन बंद आहे एवढंच स्क्रीन रीडरला सांगणारं ॲट्रिब्यूट) लावायचं आणि दुसरा क्लिक जावास्क्रिप्टमध्ये गिळून टाकायचा, हे नंतर कळलं. फोकस जागेवर राहतो.)

मग मी त्याला विनंती केली की एक तासभर स्क्रीन शेअर कराल का, मी काही बोलणार नाही, तुम्ही नेहमीसारखं काम करा. तो तास मी जन्मात विसरणार नाही. पहिलं तर त्या आवाजाचा वेग, मला एक शब्द कळेना, त्यानं माझ्यासाठी हळू केला तेव्हा कुठं वाक्यं ऐकू यायला लागली. दुसरं म्हणजे माझा समज होता की स्क्रीन रीडर पान वरून खाली वाचत जातो आणि माणूस ऐकत बसतो. तसं कोण करतं! तो एच दाबून हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत होता, बी दाबून बटनावर, एफ दाबून फॉर्मच्या रकान्यावर. आपण जसं पान नजरेनं चाळतो तसं तो बोटांनी चाळत होता. आणि आमच्या पानावर बी दाबलं की काय यायचं? निम्मी बटनं यायचीच नाहीत, कारण ती डिव्ह (एचटीएमएलमधला नुसता डबा) होती. दिसायला बटन, सीएसएस बटनाचं, आत क्लिकचं हँडलर, पण स्क्रीन रीडरच्या लेखी नुसता मजकूर.

इथं थोडं आतलं सांगतो. ब्राउझर तुमच्या एचटीएमएलमधून दोन गोष्टी बनवतो, एक दिसणारं पान आणि दुसरं ॲक्सेसिबिलिटी ट्री. स्क्रीन रीडर पिक्सेल बघत नाही, तो ही ट्री वाचतो. तिथं प्रत्येक गोष्टीचं नाव, प्रकार आणि स्थिती असते, म्हणजे 'सेव्ह, बटन' किंवा 'मला आठवण करून द्या, चेकबॉक्स, टिक केलेला नाही'. बटन टॅग लिहिला की हे सगळं फुकट मिळतं, टॅबनं फोकस येतो, एंटर आणि स्पेस दोन्ही चालतात. डिव्ह लिहिला की यातलं प्रत्येक स्वतः बांधा, प्रकार सांगणारा रोल लावा, टॅबनं फोकस यावा म्हणून टॅबइंडेक्स शून्य करा, कीबोर्डचे इव्हेंट लिहा, आणि एवढं करून हाती काय तर जे आधीच होतं ते.

साध्या पानासाठी एवढं केलं तरी बरंच भागतं, लेख असेल तर हेडिंगं नीट द्या, चित्रांना ऑल्ट (चित्राचं शब्दांतलं वर्णन) द्या, माणूस वाचेल. पण ॲप वाचायचं नसतं, वापरायचं असतं, आणि वापरताना ते सतत बदलत असतं. फिल्टर लावला, खालची यादी बदलली. एक ओळ डिलीट केली, ती गेली. चुकीचा नंबर टाकला, लाल अक्षरं आली. ज्याला दिसतं त्याला हे बदल कुणी सांगावे लागत नाहीत, डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतात. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तुम्ही सांगेपर्यंत काही घडलेलंच नसतं. माझी चार चार एंट्र्यांची भानगड ही एवढीच होती.

नियम बनवणाऱ्यांना पण हे कळायला वेळ लागला, हे वाचून मला जरा बरं वाटलं. डब्ल्यूसीएजी म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून बनवलेले नियम, त्यांची पहिली आवृत्ती १९९९ ची, तिच्यात असं होतं की स्क्रिप्ट बंद असली तरी पान वापरता आलं पाहिजे. आज हे वाचून हसू येईल, आमचं ॲप स्क्रिप्ट बंद केली तर पांढरा कागद आहे. २००८ च्या २.० मध्ये ती अट गेली. २०१४ साली एरिया १.० पक्कं स्टँडर्ड झालं (एरिया म्हणजे परिसर नव्हे, ॲक्सेसिबल रिच इंटरनेट ॲप्लिकेशन्स), ज्यातून आपल्याला उघडलंय का मिटलंय, निवडलंय का नाही, हे सांगायची भाषा मिळाली. आणि 'सेव्ह झालं' सारखे निरोप फोकस न हलवता स्क्रीन रीडरपर्यंत पोचले पाहिजेत हा नियम, ४.१.३, थेट २०१८ मध्ये २.१ बरोबर आला. माझी हिरवी पट्टी त्यानंतरची आहे, त्यामुळं सबब काही नाही.

तर पट्टी बोलती कशी केली ते सांगतो कारण यात मी दोनदा तोंडावर आपटलो. एरिया-लाइव्ह म्हणून एक ॲट्रिब्यूट आहे, ज्या डब्याला ते लावाल त्यातला मजकूर बदलला की स्क्रीन रीडर तो बोलून दाखवतो. 'पोलाइट' दिलं तर चालू वाक्य संपवून, 'असर्टिव्ह' दिलं तर मधेच तोडून. मी काय केलं, पट्टीलाच ते लावलं. पट्टी दर वेळी नवीन तयार होऊन पानात घुसायची. कधी बोलायची, कधी नाही. कारण स्क्रीन रीडर आधीपासून असलेल्या डब्यावर कान ठेवून असतो, डबा आणि मजकूर एकदमच आले तर बदल झाला असं त्याला बऱ्याचदा वाटतच नाही. म्हणून रिकामा डबा पान लोड होतानाच ठेवायचा आणि नंतर त्यात मजकूर टाकायचा. हे केलं तर पहिला सेव्ह बोलला, दुसरा नाही! कारण मजकूर तोच, मग बदललं काय? आधी डबा रिकामा करायचा, क्षणभर थांबायचं, मग परत लिहायचं. असल्या गोष्टी कुठल्या ट्यूटोरियलमध्ये पटकन सापडत नाहीत आणि सापडल्या तरी आपण वाचत नाही.

फोकसचं म्हणाल तर तो वेगळाच संसार आहे. आमच्या यादीत ओळीतलं डिलीट दाबलं की ओळ जायची आणि फोकस पण तिच्याबरोबर सती जायचा. आता पुढच्या ओळीवर नेतो, शेवटची असेल तर यादीच्या हेडिंगवर. पान न बदलता स्क्रीन बदलणाऱ्या ॲपमध्ये लिंक दाबली की आतलं सगळं बदलतं पण स्क्रीन रीडर ढिम्म, म्हणून टायटल बदलायचं आणि फोकस नवीन हेडिंगवर न्यायचा. मोडलसाठी (पानावर उघडणाऱ्या छोट्या खिडकीसाठी) मी एकदा साठ-सत्तर ओळींचा फोकस अडकवायचा कोड लिहिला होता, अभिमानानं. पण त्यासाठीच असलेला डायलॉग टॅग २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे, शोमोडल नावाचं फंक्शन बोलावलं की मागचं पान आपोआप निपचित होतं, एस्केपनं बंद होतं, फोकस जिथून आला तिथं परत जातो. माझ्या सत्तर ओळी डिलीट केल्या. थोडं वाईट वाटलं.

एरियाबद्दल मात्र सावध. आमच्या टीममध्ये एकानं (बरं, मीच) जोशात येऊन वरच्या साध्या नेव्हिगेशनला रोल मेनू लावला होता. आता रोल मेनू म्हणजे डेस्कटॉप सॉफ्टवेअरसारखा मेनू, तो ऐकला की युजर बाणांच्या कळा वापरायला जातो, आणि माझा बाणांचा कोड कुठं होता? म्हणजे मी चक्क खोटी पाटी लावली होती. वेबएम (WebAIM, ॲक्सेसिबिलिटीवर काम करणारी संस्था) दरवर्षी दहा लाख होमपेजं मशीननं तपासतं, २०२४ मध्ये त्यातल्या ९५.९ टक्के पानांवर काही ना काही चूक सापडली, आणि ज्या पानांवर एरिया होतं त्यांच्यात सरासरी चुका जास्त निघाल्या, कमी नाही. एरियामुळंच चुका झाल्या असं नाही, गुंतागुंतीच्या पानांवर एरिया जास्त असतं, पण तरी. आणि आमच्या त्या चार एंट्र्यांच्या स्क्रीनला लाइटहाउसमध्ये (गूगलचं पान तपासायचं टूल) ॲक्सेसिबिलिटीचे शंभरपैकी शंभर होते. मशीनला कॉन्ट्रास्ट मोजता येतो, सुटलेलं लेबल दिसतं, पण सेव्ह झाल्यावर माणसाला ते कळलं का, हे ती कुठून तपासणार.

सगळं अंध लोकांपुरतंच आहे असंही नाही, मी सुरुवात तिथून केली एवढंच. जे बोलून कॉम्प्युटर चालवतात ते 'क्लिक सेव्ह' म्हणतात. आम्ही त्या बटनाला मदत म्हणून एरिया-लेबल दिलं होतं 'फॉर्म सबमिट करा', म्हणजे दिसतं एक आणि खरं नाव दुसरं, मग ते 'सेव्ह' ओरडत बसणार आणि काही होणार नाही. एकाच अक्षराचे शॉर्टकट ठेवले तर त्यांचं साधं बोलणंही शॉर्टकट म्हणून जाऊ शकतं. आमच्या बोर्डवर कार्डं ओढून इकडून तिकडं टाकायची सोय होती, तिला ज्यांचे हात थरथरतात किंवा जे एकाच स्विचवर सगळं करतात ते काय करणार, म्हणून प्रत्येक कार्डावर 'हलवा' असं बटन दिलं, रकाना निवडा, झालं. ओढाओढीला पर्याय हवाच हे २०२३ च्या २.२ आवृत्तीत आलंय, आणि बोटानं किंवा माउसनं दाबायच्या गोष्टींना कमीत कमी २४ बाय २४ पिक्सेलची जागा पण. आमचा बंद करायचा फुलीचा आयकॉन १६ चा होता, माझंच बोट दोनदा चुकायचं.

आणि एक लाजिरवाणी गोष्ट राहिली. आमच्या एचटीएमएल टॅगवर लँग (पानाची भाषा सांगणारं ॲट्रिब्यूट) इंग्रजीच राहिलं होतं, टेम्प्लेटमधून आलेलं, लेबलं सगळी मराठी. म्हणजे मराठी मजकूर वाचायला इंग्रजी आवाज पुढं सरसावायचा. दोन अक्षरं बदलायची होती फक्त. तो माणूस इतके महिने ते सहन करत होता आणि त्यानं तक्रार केली ती कशाची, तर एंट्र्या चारदा येतायत याची. मी विचारलं हे आधी का नाही सांगितलं, तर म्हणाला, "सगळीकडंच असं असतं हो, किती सांगणार."

हे सगळं झाल्यावर मी उत्साहात येऊन सर्चला पण आवाज दिला, टाईप करताना 'अमुक निकाल सापडले' असं बोलेल म्हणून. दोन दिवसांत त्याचा मेल, "आता तुमचं ॲप फार बोलतं." प्रत्येक अक्षराला आकडा सांगत होतं, त्याला स्वतः काय टाईप केलं ते ऐकू येत नव्हतं. टायपिंग थांबल्यावर सेकंदभरानं एकदाच बोलेल असं केलं, मग त्याचा फक्त अंगठा आला.

डेट पिकर (तारीख निवडायचं कॅलेंडर) अजून बाकी आहे. बाणांनी दिवस, पेज अपनं महिना, महिना बदलला की त्याचं नाव बोललं पाहिजे, बंद असलेल्या तारखा कळल्या पाहिजेत, सगळं कागदावर मांडलंय. तोपर्यंत तिथं टाईप करायचा साधा रकाना दिलाय आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या पुढच्या टप्प्यात) करतो म्हणून सांगितलंय. गेले तीन स्प्रिंट तेच सांगतोय.