सुखतळ्याच्या खाली

बुटातून सुटा निघतो त्याला आपल्याकडे सुखतळा म्हणतात. शब्द गोड आहे, पण सुखाचं खरं काम त्याच्याखालचा करतो. बुटाचं कातडं आणि जमिनीला लागणारं रबर यांच्यामधला तो फोमचा जाड थर. त्याला मराठीत नावच नाही. दुकानदार मिडसोल म्हणतो. आपण अंगठ्याने दाबून 'मऊ आहे हो' म्हणतो आणि पैसे देतो.

माझी त्याची ओळख राजगडावर झाली. हिमालयासाठी म्हणून भारी ट्रेकिंगचे बूट घेतले होते. हिमालय राहिला. बूट खोक्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट, माळ्यावर. पाच पावसाळे! सह्याद्रीतल्या चिखलात हे कशाला घाला, म्हणून मी जुनेच झिजवत राहिलो. शेवटी एकदा हौसेने काढले. कातडं नवंकोरं. पाली दरवाजाच्या पायऱ्यांपाशी मागून मित्र म्हणाला, "अरे, तुझ्या टाचेतून काहीतरी सांडतंय."

पाहतो तर तळ आ वासून लोंबत होता, आणि बोट लावलं तिथे बिघडलेल्या बेसनलाडवासारखा भुगा. उरलेला गड मी पायाला सुतळी गुंडाळून पाहिला. बालेकिल्ला राहिलाच.

कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्या काकांनी नुसतं हुंगल्यासारखं केलं. "पीयू आहे. ठेवून दिलेत ना?" पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, त्या फोमचं प्लास्टिक. हवेतला दमटपणा त्यात मुरतो आणि त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकेक करून तोडत राहतो. बाहेरून काही कळत नाही. कोकणातल्या, मुंबईतल्या हवेला तर हे काम घरचंच. पळायच्या हलक्या बुटांत बहुधा ईव्हीए नावाचं दुसरं फोमचं प्लास्टिक असतं. ते असं भुगा होत नाही, पण त्याचंही दुखणं आहेच: त्यातले हवेचे बारीक बुडबुडे दबून दबून चपटे होतात. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो. सत्तर किलोच्या माणसाचा दीड-दोनशे किलो. तरी बूट वरून ठणठणीत दिसतो आणि आपण गुडघ्याला बाम चोळत बसतो.

काकांनी जुना फोम खरवडून नवा सोल चिकटवला, कडेने शिलाई मारली. घोट्याच्या वर येणारे ते दणकट बूट घालून मी आता रोज कोथिंबीर आणायला जातो. भाजीवाली पायांकडे बघते आणि विचारते, "आज कुठला गड?"