तीस तास

डिसेंबरातला रविवार होता. नागपूरची थंडी हाडात शिरलेली, आणि वृषणाला पीळ पडण्याची केस थंडीतच जास्त दिसते, हे आम्हा सर्जरीवाल्यांच्या डोक्यात असतंच. सकाळी दहाला काटोलकडचा चौदा वर्षांचा मुलगा कॅज्युअल्टीत आला. चिठ्ठीवर लिहिलेलं : पोटदुखी, उलट्या.

पोट मऊ होतं. पँट खाली करायला सांगितली तर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला. वडिलांना बाहेर पाठवलं, तेव्हा कुठे सोडली. डावी बाजू लालसर, सुजलेली, वृषण वर ओढलं गेलेलं. मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच ओरखडलं, की वृषण वर सरकायला हवं. डावीकडे काहीच हललं नाही.

"कधीपासून?"

"काल पहाटे चारपासून."

तीस तास! वृषणाला रक्त पोचवणाऱ्या दोरीला पीळ पडल्यापासून सहा तासांत सोडवला तर वृषण बहुधा वाचतं. चोवीस तासांनंतर क्वचितच. पोराने लाजेपोटी "पोट दुखते" एवढंच सांगितलेलं. बाप संत्र्याच्या तोडीवर. गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन रात्र काढली. खोदून विचारल्यावर कळलं, दिवाळीच्या सुमारास असंच दुखून तासाभरात आपोआप थांबलं होतं. तेव्हाही तो कुणाला बोलला नव्हता.

डॉपलरमध्ये डावीकडे रक्तप्रवाह शून्य. सोनोग्राफी होईस्तोवर ऑपरेशन थिएटर, म्हणजे ओटी, तयार ठेवली होती.

उघडलं तर दोन पूर्ण वेढे. वृषण जांभळाच्या रंगाचं. पीळ सोडवून गरम सलाइनच्या मॉपमध्ये गुंडाळलं आणि घड्याळाकडे बघत उभे राहिलो. ओटीत अशा वेळी कुणी बोलत नाही. पंधरा मिनिटांनीही रंग तोच. वरच्या आवरणाला छेद दिला, ताजं रक्त आलं नाही. काढावं लागलं.

मग उजवी बाजू. घंटेतल्या लोलकासारखं मोकळं लटकणं हा जन्मजात दोष बहुतेकदा दोन्हीकडे असतो. इथेही होता. न विरघळणाऱ्या धाग्याचे तीन टाके घालून ते जागेवर बसवलं. या पोराच्या बाबतीत खरं ऑपरेशन हेच, असं मी मानतो.

बाहेर वडिलांनी आधी सही कुठे केली ते पुन्हा पाहिलं. मग हळूच विचारलं, "सायेब, एकावर पोट्ट्याले लेकरं होतीन का?"

होतील, म्हणालो. एक चांगलं असलं की पुरुषी हार्मोन पुरतो आणि बहुतेकांना मुलंही होतात. पण एवढ्यावर थांबणं मला खोटं वाटलं. एका बाजूला पीळ पडला की दुसऱ्या बाजूलाही झळ लागू शकते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. शुक्राणू वयात आल्यावर तयार होतात, त्यामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांना ओळखत नाही; रक्त आणि शुक्राणूंच्या मधली भिंत फुटली की त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, असा एक तर्क आहे. माणसांत यावर अजून वाद आहे. काहींच्या वीर्यतपासणीत संख्या कमी येते, तरी मुलं होतात. हे सगळं तोडीवरून आलेल्या माणसाला कसं सांगायचं?

"अठरा पूर्ण झाले की एक तपासणी करू," एवढंच म्हणालो.

टाके दाखवायला आले तेव्हा संत्र्यांची पिशवी आणि अकरा वर्षांचा धाकटा सोबत होता. "याचंबी पाहून घ्या." धाकट्याने पँट दोन्ही हातांनी धरली.

थोरला म्हणाला, "दाखव न बे. मीबी असाच धरून बसलो होतो."